पीच उतरले की

दुपारचं जेवण झालं की वरच्या गावच्या शाळेत पोरं बाकावर डोकं टेकून झोपतात. तैवानभर सगळ्याच शाळांत झोपतात म्हणा, पण डोंगरातली पोरं जरा जास्तच मनापासून झोपतात. सकाळी एक उतार उतरून आणि एक चढ चढून आलेली असतात बिचारी. पाचवीच्या वर्गात अशी नऊ डोकी होती. नऊच्या नऊ टेकली, की त्यांची वर्गशिक्षिका फान पेइ-चिन टेबलाखाली चपला काढायची, पाय मोकळे करायची आणि कायम नोकरीच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक उघडायची.

हे पुस्तक या शाळेत बहुतेक सगळ्या शिक्षकांकडे असतं. पेइ-चिन वर्षाच्या कंत्राटावर आलेली. ऑगस्टात यायचं, जुलैअखेर जायचं आणि मधे जूनमध्ये खाली सपाटीवरच्या एखाद्या कायम जागेसाठी परीक्षा द्यायची, असा तिचा बेत. तिच्याआधीच्या बाईंनी हेच केलं होतं, त्यांच्याआधीच्यांनीही हेच. मुख्याध्यापकसुद्धा थोड्या थोड्या वर्षांनी बदलायचे. शाळेत टिकून राहिलेला माणूस एकच, वातान सर. ते याच गावचे, डोंगरातल्या अतायाळ आदिवासींतले. शिकवायचे, हिशेब बघायचे, शाळेची गाडी चालवायचे, आणि दर ऑगस्टात नव्या शिक्षकांच्या हातात खोलीची चावी ठेवताना एकच विनोद करायचे, "चावी हरवली तरी चालेल, तुम्ही हरवू नका." नवे शिक्षक हसायचे. वातान सरांनी स्वतः त्यावर हसणं कधीच सोडून दिलं होतं.

एप्रिलातल्या त्या दुपारी पेइ-चिनचा फोन एकाएकी किंचाळला. भूकंपाची सूचना आली की बेटावरचे सगळे फोन असेच किंचाळतात, माणूस मेलेला असला तरी उठून बसेल असे. पाठोपाठ भिंतीवरचा भोंगा ओरडू लागला. पोरं झोपेतून थेट बाकांखाली गेली. लहानपणापासूनची सवय, डोळे उघडायच्या आत गुडघे वाकतात. पेइ-चिनही टेबलाखाली वाकली, आणि वाकता वाकता तिचं लक्ष खिडकीकडच्या रांगेत गेलं.

रिमुय तशीच झोपली होती. उजवा गाल दंडावर, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर एक रेघ हललेली नाही. वर भोंगा ओरडत होता, टेबलावर फोन किंचाळत होता, आणि ती पोर शांत.

"रिमुय!" पेइ-चिन ओरडली. "रिमुय, ऊठ!"

काही नाही. पोरगी बेशुद्ध आहे, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी आहे, एवढंच पेइ-चिनला त्या क्षणी वाटलं. ती टेबलाखालून रांगत निघाली. तेवढ्यात पुढच्या बाकाखालून एक हात आला. यायुतचा. त्या हातानं अगदी रोजचं काम असल्यासारखा रिमुयचा बूट धरला आणि दोनदा ओढला. रिमुयनं डोळे उघडले, आजूबाजूला कोणी दिसत नाही म्हटल्यावर सगळं समजली आणि बाकाखाली घसरली.

मग धरणी जरा हलली. पेइ-चिनच्या चहाच्या पेल्यावरचं झाकण वाजलं, वाजायचं थांबलं. संपला भूकंप.

पोरं खिदळत बाहेर आली. पेइ-चिन मात्र जमिनीवरच बसून राहिली, अनवाणीच.

"काय झालं हिला? का उठली नाही ही?"

"त्या कुशीवर झोपली होती ना, बाई," यायुत म्हणाली. "चांगला कान खाली गेला की तिला ऐकू येत नाही."

"चांगला कान म्हणजे?"

"उजवा. डावा मेलाय तिचा."

नऊ जणांपैकी एकालाही यात नवल वाटलं नाही. हायुंग नावाचं वात्रट पोर तर जांभई देत होतं. पेइ-चिननं रिमुयकडे पाहिलं. रिमुय बुटाची नाडी बांधत होती. हे आपल्याबद्दल चाललंय हे तिला बहुधा ऐकूच गेलं नव्हतं, कारण पेइ-चिन तिच्या डाव्या अंगाला होती.

"मला कोणी सांगितलं का नाही?" पेइ-चिनचा आवाज चढला. "ऑगस्टपासून मी इथे आहे. एकानंही तोंड उघडलं नाही?"

"सांगितलं की," हायुंग म्हणाला.

"कधी?"

"दुसरीत सांगितलं. रडणाऱ्या बाई होत्या ना, त्यांना. मग तिसरीत गिटारवाल्या सरांना. मग ते मधेच गेले, आणि स्कूटरवाल्या बाई आल्या, त्यांना. चौथीत त्या उंच बाईंना."

"आणि मला?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी यायुतच बोलली, जरा समजूत काढल्यासारखं. "आम्हाला वाटलं, तुमचं तुमच्यात सांगून झालं असेल. वातान सर चावी देतात तेव्हा पोरांचं सगळं सांगतात ना?"

"आणि किती वेळा सांगायचं, बाई?" हायुंग म्हणाला. "दर वर्षी तेच तेच. कंटाळा येतो."

काहीतरी बोलायचं म्हणून पेइ-चिननं विचारलं, "रडणाऱ्या बाई, गिटारवाले सर... नावं नाहीत का तुम्हाला आठवत त्यांची?"

"कोणाकोणाची ठेवायची?"

"मग मला काय म्हणता?"

हायुंग फळ्याकडे बघायला लागला.

"सांगा. मी रागवणार नाही."

"साबणबाई," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

पेइ-चिनला ते ऐकून कानशिलात बसल्यासारखं झालं. जानेवारीत थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या, तेव्हा वर्गात एक कुबट वास यायला लागला होता. रिमुय असेल त्या रांगेतून. पेइ-चिननं अख्खा एक तास स्वच्छतेवर घेतला होता. खालून फुलाच्या आकाराचे साबण आणून वाटले होते. बोलता बोलता रिमुयच्या बाकापाशी थांबली होती, नाव न घेता. आपण फार नाजूकपणे निभावलं असंच तिला तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरगी कडाक्याच्या थंडीत केस धुऊन आली, ओले, पाठीवर पाणी ठिबकणारे. त्याचंही पेइ-चिनला कौतुक वाटलं होतं. आणि आता तिनं पुढे होऊन रिमुयच्या डाव्या कानावरचे केस बाजूला केले, तर कानाच्या पाळीखाली पिवळट ओल होती, आणि तोच तो वास.

एवढ्यावरही भागलं नाही. पोरांचे डोळे तिरळे होऊ नयेत म्हणून दर सोमवारी सगळ्या शाळेत रांगा बदलतात. भिंतीकडचे मधे, मधले खिडकीकडे. भिंतीकडे असली की रिमुय चुणचुणीत असते, खिडकीकडे गेली की ठोंब्यासारखी बसते, हे पेइ-चिनच्या केव्हाच लक्षात आलं होतं. त्याचा अर्थही तिनं लावून ठेवला होता. पोरगी लहरी आहे. लहर लागली की उत्तर देत नाही म्हणून दोनदा तिला उभं केलं होतं. भिंतीकडच्या रांगेत सगळा वर्ग उजव्या हाताला येतो आणि खिडकीकडे बसलं की सगळा वर्ग डाव्या हाताला जातो, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या बाईच्या डोक्यात आली नव्हती. तिची तिलाच शिसारी आली.

शाळा सुटल्यावर ती थेट रिमुयच्या आजीकडे गेली. गावात कुठल्याही म्हातारीला याकी म्हणतात; ही आपाय याकी. रिमुयचा बाप मालट्रकवर, आई शिनचू शहरातल्या कारखान्यात पाळ्या करणारी. दोघं जमेल तेव्हा यायची. घर, पोर आणि पीचची बाग म्हातारीच्या अंगावर.

याकी शिडीवर होती. एप्रिल-मे म्हणजे पीचना पिशव्या घालायचे दिवस. अंगठ्याएवढ्या हिरव्या फळाला कागदी पिशवी घालून तार पिळायची, नाहीतर किडे फळ ठेवत नाहीत. सगळं गाव त्या दिवसांत मान वर करून असतं.

"आलात?" याकी वरूनच म्हणाली. "या. मी म्हटलंच होतं, आता बाई यायच्या."

"तुम्हाला कोणी सांगितलं मी येणार ते?"

"सांगायला कशाला लागतं? दर वर्षी याच दिवसांत येतात. पोरीच्या कानाचं ना?"

म्हातारी शिडीवरून उतरली, अंगणातलं बुटकं स्टूल पुढे सरकवलं आणि बांबूच्या कोंबांचं सूप वाढून आणलं. "याच स्टुलावर बसतात सगळे. तो गिटारवाला तर मोडणारच होता, एवढा जाडा. खा. खाल्ल्याशिवाय बोलायचं नाही."

"याकी, ते सगळे काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणणार तेच. कान चांगला नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, याकी, काळजी करू नका, मी स्वतः घेऊन जाईन. चांगले होते हो सगळे. ती रडणारी तर इथे बसून पण रडली."

"मग नेलं का नाही?"

"अहो, मी नको म्हटलं का?" याकीला आश्चर्य वाटलं. "मी म्हटलं, आत्ता पिशव्यांचे दिवस. मग तोडणी. आमच्याकडे जून-जुलैत कोणी मेलं तरी रडायला सवड नसते. मी म्हटलं, पीच उतरले की जाऊ. ते म्हणाले, बरोबर आहे याकी, पीच उतरले की जाऊ. त्यांच्याही परीक्षा असतात ना त्या दिवसांत. मग पीच उतरतात ऑगस्टात. तोवर नवे आलेले असतात."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस केव्हा लागतो आणि केव्हा थांबतो हे सांगावं, तसं सांगितलं.

कोणी वाईट नव्हतं. म्हातारी समजूतदार, शिक्षक समजूतदार; त्यांनी बागेची अडचण समजून घेतली, म्हातारीनं परीक्षेची. आणि दोघांच्या त्या समजूतदारपणात एक पोरगी बहिरी होत चालली होती, दर उन्हाळ्यात थोडी थोडी. नवा माणूस येतो, त्याला पोरं ओळखू यायला सहा-सात महिने लागतात, वसंत आला की त्याला कळतं, आणि कळेपर्यंत त्याचे जायचे दिवस येतात. घाण्याच्या बैलासारखं हे दर वर्षी फिरत होतं आणि कोणालाच दिसलं नव्हतं.

"तुम्हाला भीती नाही वाटली, याकी?"

"पहिल्या वर्षी वाटली. लहानपणी माझाही कान वाहायचा, थांबला आपोआप. आणि मग मी विचार केला, बाई, एवढं मोठं काही असतं तर चौघांपैकी एक तरी थांबला असता की नाही?"

पेइ-चिन सूप ढवळत राहिली. डोक्यात मात्र, शरम वाटावी अशा सफाईनं, हिशेब सुरू झाला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा, मग पाठ घेऊन दाखवायची फेरी, मग निकाल. पुढचे दोन महिने श्वास घ्यायला फुरसत नाही. तिनं वाटी खाली ठेवली.

"याकी, मग आपण असं करू या का..."

"पीच उतरले की?" याकी म्हणाली, आणि बोळकं उघडून मनापासून हसली.

म्हातारीनं चोरी पकडली नव्हती, टोमणाही मारला नव्हता. वाक्य पाठ होतं म्हणून पुरं केलं होतं, एवढंच. पण ते वाक्य पेइ-चिनच्या जिभेवर होतं. अगदी टोकावर.

"नाही," ती म्हणाली. "उद्या."

"उद्या? उद्या या ओळीला पिशव्या..."

"शनिवारी सगळा वर्ग घेऊन येते पिशव्या घालायला. हायुंगला शिडीवर बांधून ठेवते. पण पोरीला उद्या न्यायचं."

याकीनं तिला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "ही काहीतरी वेगळीच आली." आणि हे कौतुक होतं की चिंता, ते पेइ-चिनला काही कळलं नाही.

वातान सर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले. याकी पुढे, रिमुय आणि पेइ-चिन मागे. शिनचूच्या मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरनं दुर्बीण लावली आणि बोलता बोलता तो थांबला. दुर्बीण काढली, पुन्हा लावली. मग डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. फोटो बघून परतला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"तुम्ही हिच्या कोण?"

"वर्गशिक्षिका."

"मग तुम्हाला विचारतो. किती वर्षं वाहतोय हा कान?"

"दुसरीपासून असेल."

"आणि आत्ता आणता?" तो मोठ्यांदा बोलला. "कानात आतल्या बाजूला कातडीची गाठ वाढते, आणि ती हाडं खात जाते. हिच्या ऐकायच्या हाडांतलं काही उरलेलं नाही. आतल्या कानातही शिरलीय. सुरुवातीला आणली असती तर छोट्याशा शस्त्रक्रियेत कान वाचला असता. आता तो गेला, आणि मला कानाची काळजीही नाही. गाठ मेंदूच्या पडद्याला टेकलीय. या पावसाळ्यापर्यंत थांबला असतात, तर तुम्ही हिला इथे आणली असतीत की नाही, सांगता येत नाही."

वातान सर टोपी हातात धरून दाराशी उभे होते. टोपी खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. याकीनं पेइ-चिनचा दंड पकडला. पीचच्या तारा पिळून पिळून खडबडीत झालेली ती बोटं दंडात रुतली होती.

"थांबला नाही ना कोणी," ती पुटपुटत राहिली. "म्हणून मला वाटलं, बाई. म्हणून मला वाटलं."

रिमुय तपासणीच्या उंच खुर्चीवर पाय हलवत होती. डॉक्टर तिच्या डाव्या हाताला होता. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

पेइ-चिन वळसा घालून तिच्या उजवीकडे आली. खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण या पोरीशी गोड बोलून माणसं निघून गेली होती, त्यात आपली भर नको, म्हणून तिनं सांगितलं. शस्त्रक्रिया करावी लागेल. तू बरी होशील. पण या कानानं आता ऐकू येणार नाही.

"कधीच?"

"कधीच."

रिमुयचे पाय हलायचे थांबले. "पण गिटारवाले सर म्हणाले होते, डॉक्टरकडे गेलं की येईल. मी वाट बघत होते."

पेइ-चिनला रडू फुटलं. रडणाऱ्या बाईंच्या पंगतीत आपण बसलो, हेही रडता रडता तिच्या मनात आलं.

संध्याकाळी रिमुय आणि याकीला दवाखान्यात ठेवून, आई येईपर्यंत थांबून, ती वातान सरांबरोबर परत निघाली. घाट लागला आणि तिचा तोल सुटला.

"तुम्ही तर इथलेच आहात! आम्ही येतो-जातो, तुम्ही कुठे गेला होतात? कोणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

वातान सरांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात चाकावरच ठेवून बसले.

"सांगितलं असेल," ते म्हणाले. "निरोपाच्या जेवणात प्रत्येक जण काहीतरी सांगतो. अमक्याकडे लक्ष द्या, तमकीची आई आजारी आहे. मी हो हो म्हणतो. दर वर्षी चौघांना पोचवायचं, चौघांना आणायचं, मधे जाहिरात, मुलाखती, नळ दुरुस्ती. फान बाई, मी पोरांकडे बघायचंच विसरलो. मी फक्त मास्तर मोजत बसलो." मग त्यांनी गाडी सुरू केली. "ती माझ्या चुलतभावाची नात आहे."

शस्त्रक्रिया आठवड्याच्या आत झाली. गाठ निघाली. तिकडे पीचना पिशव्या गावानं घातल्या; नाक्यावरचा दुकानदारसुद्धा शटर ओढून शिडीवर चढला. आपल्या डोळ्यांदेखत काय चाललं होतं ते समजल्यापासून गाव हबकलेलं होतं, आणि हबकलेल्या माणसाला हाताला काम लागतं.

पेइ-चिन भेटायला गेली तेव्हा रिमुय डोक्याला पट्टी बांधून उशीला टेकून बसली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, गाठ परत येऊ शकते. वर्ष-दीड वर्ष दर महिन्याला कान साफ करून तपासायला आणायचं, एकही खेप चुकवायची नाही. रिमुयनं ते नीट ऐकलं होतं, कारण या वेळी डॉक्टर उजवीकडे उभा राहिला होता.

"बाई," ती म्हणाली, "पुढच्या बाईंना हे तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

तिचा आवाज साधा होता. खडू संपलाय, कोण आणेल, असं विचारावं तसा.

"तू... तूच सांग," पेइ-चिन कशीबशी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. उभी राहून सांग, कोणाची वाट बघू नकोस."

"बरं," रिमुय म्हणाली, आणि ओठ हलवत वाक्य पाठ करायला लागली.

जूनमध्ये पेइ-चिननं परीक्षा दिली. नापास झाली. पुस्तक उघडायला वेळच झाला नव्हता, त्यामुळे यात थोर त्याग वगैरे काही नाही. होती पास होण्यासारखी, झाली नाही. जुलैत निरोपाचं जेवण झालं. चौघा शिक्षकांच्या गळ्यात हार पडले. वातान सर भाषणाला उभे राहिले, दर वर्षीचं पहिलं वाक्य बोलले आणि तसेच खाली बसले. पेइ-चिन सामान घेऊन खाली मियाओलीला आईच्या घरी गेली. तिथे घराजवळच्या शाळेत वर्षाची जागा रिकामी होती. आईनं अर्जही भरून ठेवला होता.

ऑगस्टात वरच्या गावच्या शाळेची जाहिरात निघाली. पहिल्या फेरीला कोणी आलं नाही, दुसऱ्या फेरीला कोणी आलं नाही. तिसऱ्या फेरीत एकच उमेदवार आली. वातान सरांनी दार उघडलं, तिला पाहिलं, आणि ते थेट चावी आणायला आत गेले. मुलाखत म्हणून काही झालीच नाही. खोलीची चावी तिच्या हातात ठेवताना त्यांनी सवयीनं सुरुवात केली, "चावी हरवली तरी चालेल..." त्यांनी पाठ फिरवली आणि उगाचच खिडकी उघडायला गेले.

शाळेच्या पहिल्या दिवशी पेइ-चिन सहावीच्या वर्गात शिरली. तीच नऊ डोकी, उन्हानं आणखी काळवंडलेली. कोणी उठून उभं राहिलं नाही. सगळे नुसते बघत राहिले, जसं काही चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघावं.

शेवटी हायुंग म्हणाला, "बाई, तुमचं काही राहिलं का इथे?"

"राहिलं म्हणजे?"

"न्यायचं. विसरला असाल काही. खोलीत बघू का आम्ही?"

"काही विसरले नाही मी."

"मग नव्या बाई कुठायत?"

"नव्या बाई नाहीत. मीच आहे."

यायुतनं शेजारणीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा पेइ-चिनकडे. "दोनदा?" तिनं विचारलं. "एकाच बाई दोनदा? असं चालतं?" तिच्या आवाजात आनंद नव्हता, भेदरलेपण होतं. भूकंपाला न घाबरणारी ती पोरं या गोष्टीनं घाबरली होती.

भिंतीकडच्या रांगेत, पहिल्या बाकावर, रिमुय उभी राहिली. पट्टी निघाली होती, कानामागे वाढते आखूड केस. उन्हाळाभर तिनं पाठ केलं होतं आणि तिला वाटलं, आता बोलायचं असतं. हात बाजूला ताठ ठेवून ती मोठ्या, स्वच्छ आवाजात बोलायला लागली.

"नमस्कार, बाई. माझं नाव रिमुय. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. म्हणून मला..."

ती थांबली. पेइ-चिनकडे बघत राहिली.

"हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," पेइ-चिन म्हणाली.

रिमुय तशीच उभी राहिली. आता पुढे काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या पुढच्या वाक्यापर्यंत आजवर कोणी थांबलंच नव्हतं.